योगक्षेम आणि तिसरा माणूस

नव्या मोटारगाडीचा विमा म्हणजे एका कागदावर जोडलेले दोन करार असतात. पहिला करार मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा: गाडी ठोकली, चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली तर भरपाई मिळण्याचा. दुसरा करार त्या गाडीमुळे इतरांच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे जे नुकसान होईल, ते भरून देण्याचा. पहिला करार कायद्याने मालकाच्या मर्जीवर सोडला आहे. दुसरा मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १४६ ने सक्तीचा केला आहे. देवावर भरवसा असताना विमा कशाला, हा जुगार तर नव्हे, प्रारब्धात असेल ते कागदाने टळते का, असे प्रश्न श्रद्धावान माणसाच्या मनात येतात, आणि ते बहुतेक पहिल्या कराराबद्दलच असतात. दुसऱ्या कराराकडे धर्माच्या अंगाने फारसे पाहिले जात नाही. खरे तर गाडीच्या विम्यातला धर्माचा भाग तिथेच आहे.

हे देगलूरच्या उदाहरणाने पाहू. देगलूर हे नांदेड जिल्ह्यातले, तेलंगण आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. अकोल्याहून हिंगोली, नांदेडमार्गे संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ इथून पुढे तेलंगणात शिरतो. इथे हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि लिंगायत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत, म्हणून विम्याचा प्रश्नही इथे एकाच परंपरेतून विचारला जात नाही. नवी गाडी बहुधा नांदेडच्या शोरूममधून पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा धनत्रयोदशी साधून घेतली जाते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, चाकांखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात. मुसलमान घरातल्या गाडीच्या काचेवर ७८६ किंवा ‘माशाअल्लाह’ लिहिलेले असते. या सगळ्याआधी विम्याचा हप्ता भरलेला असावा लागतो, कारण विम्याशिवाय आरटीओ पासिंग होत नाही. नांदेड ते देगलूर हा सुमारे ८० किलोमीटरचा पहिला प्रवाससुद्धा विमा नसताना केला तर तो गुन्हा ठरतो.

पॉलिसीत काय असते

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे वर सांगितलेला दुसरा करार, घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र वर्षावर्षाने घेता येतो. म्हणून आज नव्या कारची नेहमीची पॉलिसी एक वर्ष स्वतःच्या नुकसानीची आणि तीन वर्षे थर्ड पार्टीची असते. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये पडतात. नव्या कारचा तीन वर्षांचा एकरकमी हप्ता अनुक्रमे ६,५२१, १०,६४० आणि २४,५९६ रुपये होतो. कर त्यावर वेगळा.

स्वतःच्या नुकसानीच्या भागात आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत, ही भरपाईची कमाल मर्यादा असते. नव्या गाडीची आयडीव्ही पहिल्या सहा महिन्यांसाठी छापील किमतीतून ५ टक्के वजा करून धरतात. पुढे ती दरवर्षी उतरते आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. सुटे भाग बदलताना घसारा कापला जाऊ नये म्हणून ‘झिरो डेप’ घेतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाची मूळ रक्कम मिळावी म्हणून ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ घेतात. इंजिनाचे संरक्षण हे आणखी वेगळे जोडकलम आहे, आणि ओढ्यानाल्यांच्या भागात ते उपयोगी पडते. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारला, पाणी इंजिनात ओढले गेले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर साधी पॉलिसी ते नुकसान सहसा देत नाही. पूर आला हे दैव. बुडालेल्या गाडीला किल्ली फिरवणे ही माणसाची कृती. पॉलिसी त्यातल्या पहिल्याची भरपाई देते, दुसऱ्याची नाही. पूर, भूकंप, वीज यांना जुनी कायदेशीर भाषा ईश्वरी कृत्ये म्हणते. ती विम्यात येतच नाहीत असा समज अनेकांचा असतो, पण दोन्ही करार असलेल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत त्यांचा समावेश असतो.

भरवशाचा प्रश्न

गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की, अनन्यभावाने भजणाऱ्यांचा योगक्षेम आपण वाहतो. १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाने याच श्लोकातले शब्द आपले बोधवाक्य केले. देगलूरला हा श्लोक चांगलाच परिचयाचा आहे. गुंडा महाराजांपासून चालत आलेली देगलूरकरांची वारकरी परंपरा या गावाची, आणि विसाव्या शतकात ज्ञानेश्वरीचे निरूपण महाराष्ट्रभर नेणारे धुंडा महाराज देगलूरकर याच परंपरेतले. योगक्षेम देव वाहत असेल तर माणसाने हप्ता भरणे हा अविश्वास नव्हे का, असा प्रश्न या परंपरेत वाढलेल्या माणसाला पडणे साहजिक आहे.

त्याचे उत्तर परंपरेनेच दिले आहे. कर्म टाळून कोणालाही क्षणभरही राहता येत नाही, असे गीताच तिसऱ्या अध्यायात सांगते. पांडुरंगावर भार टाकणारा शेतकरी पेरणी उरकून मगच पंढरीची वाट धरतो; पेरणी केली म्हणून त्याची भक्ती उणी ठरत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या पहिल्या अध्यायात दैव आणि पुरुषप्रयत्न यांचा विचार करताना रथाचाच दाखला दिला आहे: एका चाकावर रथ चालत नाही, तसे प्रयत्नावाचून दैव फळत नाही. इस्लामी परंपरेतही याच धर्तीची एक हदीस तिर्मिझींच्या संग्रहात आहे. उंट बांधून अल्लाहवर भिस्त ठेवावी की मोकळा सोडून, असे एकाने पैगंबरांना विचारले, तेव्हा आधी उंट बांधण्याचे उत्तर मिळाले. दोन्ही परंपरांत भरवसा हा सावधपणाला पर्याय मानलेला नाही. माणसाने आपल्या हातातले सगळे करावे आणि फळाची काळजी सोडावी, असा दोहोंचा रोख आहे.

तरीही एखादा माणूस खरोखरच वैराग्याचा असू शकतो. गाडी गेली तर गेली, असे तो मनापासून म्हणू शकतो. गाडी कर्जाची नसेल तर कायदाही त्याच्या या निवडीच्या आड येत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा तो नाकारू शकतो. कर्जाच्या गाडीवर बँकेचा बोजा असतो, म्हणून बँक पूर्ण विम्याची अट घालते. तिथेही कारण हेच की, नुकसान एकट्या मालकाचे राहत नाही. म्हणजे भरवशाचा प्रश्न जिथवर स्वतःच्या मालापुरता आहे, तिथवर तो ज्याच्या त्याच्या सदसद्‌विवेकाचा आहे.

जुगाराचा प्रश्न

विमा हा जुगार आहे का, हा प्रश्न सर्वांत बारकाईने इस्लामी धर्मशास्त्राने तपासला आहे. त्याचे आक्षेप तीन. पहिला ‘गरर’ म्हणजे करारातली अनिश्चितता: हप्ता निश्चित, पण बदल्यात काही मिळेल की नाही आणि किती मिळेल हे अनिश्चित. दुसरा ‘मैसिर’ म्हणजे जुगार: थोड्या पैशावर योगायोगाने मोठी रक्कम. तिसरा ‘रिबा’ म्हणजे व्याज: जमलेले हप्ते कंपनी व्याजी गुंतवते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हनफी पंडित इब्न आबिदीन यांनी सागरी विम्याची चर्चा केली होती. १९८५ मध्ये जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला की, नफ्यासाठी चालवलेला व्यापारी विमा निषिद्ध आहे. सभासदांनी परस्परांना साहाय्य म्हणून वर्गणी जमवून चालवलेला सहकारी विमा मात्र मान्य आहे. याच विचारातून तकाफुलची पद्धत उभी राहिली. सुदानमध्ये १९७९ मध्ये अशी पहिली कंपनी निघाली आणि मलेशियाने १९८४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. सीरियाचे पंडित मुस्तफा अल-जरका यांनी मात्र विम्याचा करार मुळातच मान्य ठरतो, अशी बाजू ठामपणे मांडली होती.

विम्याच्या कायद्यानेही जुगारापासून स्वतःला वेगळे करण्यासाठी दोन तत्त्वे घालून दिली आहेत. पहिले तत्त्व असे की, ज्या वस्तूच्या नाशाने आपले खरोखर नुकसान होते तिचाच विमा काढता येतो; शेजाऱ्याच्या गाडीवर पैसे लावता येत नाहीत. दुसरे असे की, भरपाई नुकसानीपुरतीच मिळते, नफा काढता येत नाही. जुगारी माणूस खेळायला बसेपर्यंत त्याच्यापुढे कोणतेही संकट नसते. ते तो स्वतः ओढवून घेतो. गाडीमालकापुढे संकट आधीपासून उभे असते, आणि विमा त्याचा भार अनेकांत वाटतो. या फरकामुळे मैसिरचा आक्षेप बराच सैल पडतो. व्याजाचा आक्षेप मात्र शिल्लक राहतो, आणि ज्याला तो प्रामाणिकपणे जाणवतो त्याची अडचण खरी आहे.

भारतात मोटारगाडीसाठी तकाफुलची सर्वसाधारण सोय नाही. अशा स्थितीत कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा नाइलाज म्हणून घेण्यास हरकत नाही, असे मत अनेक मुफ्ती देतात. ऐच्छिक भागाबाबत ते अधिक सावध असतात. काहींच्या मते भरपाईतून आपण भरलेल्या हप्त्याइतकीच रक्कम स्वतःसाठी ठेवावी. मतभेद आहेत, पण ज्या भागाचा लाभ दुसऱ्याला होतो तो भाग ही मते आपापल्या मार्गाने मोकळा सोडतात.

प्रारब्धाचा प्रश्न

सुरुवातीला मांडलेला तिसरा आक्षेप कर्मविचारातून येतो. ज्याला धक्का लागायचा त्याला लागणारच, ज्याचे आयुष्य सरले त्याचे सरले. मग भरपाईने काय साधते? या आक्षेपात एक धोका दडलेला आहे. स्वतःच्या दुःखाकडे प्रारब्ध म्हणून पाहणे ही सहनशीलता असते. आपल्या हातून दुसऱ्याला झालेल्या दुःखाला प्रारब्ध म्हणणे ही जबाबदारीतून पळवाट ठरते.

प्राचीन भारतीय राजनीतीने ही पळवाट मान्य केलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात वाहनाच्या अपघातांचा विचार आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी तिरपी झाली किंवा मागे सरकू लागली, अशा वेळी इजा झाली तर दंड नाही, एरवी आहे. हाकणारा अज्ञान बालक असेल तर गाडीत बसलेल्या मालकाला दंड. ज्याचे वाहन, त्याच्यावर भार, हे तत्त्व इतके जुने आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९ अ हेच सांगते: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

कुराणातही चौथ्या सूरहमधल्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या मनुष्यहत्येचा विचार आहे. हेतू नसला तरी मृताच्या कुटुंबाला दियत, म्हणजे भरपाई, द्यावीच लागते. शिवाय मारणाऱ्याला प्रायश्चित्त वेगळे आहे. आरंभीच्या इस्लामी व्यवहारात ही दियत एकट्याला झेपणारी नसे, म्हणून त्याचे सारे कुळ ती वाटून भरत असे. या व्यवस्थेला ‘आकिला’ म्हणत. अल-जरका यांनी विम्याच्या बाजूने बोलताना या आकिलाचाच आधार घेतला.

बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारताना दाखवून दिले की, त्याच्या आधारे समाजाला आणि राज्याला गरिबांच्या स्थितीची जबाबदारी झटकता येते. मराठवाड्यातल्या बौद्धांच्या घराघरांत हा ग्रंथ वाचला जातो. रस्त्यावरच्या अपघातालाही तो विचार लागू पडतो. पायी जाणाऱ्या मजुराला गाडीने उडवले, यात त्याच्या मागच्या जन्माचा शोध घेण्यापेक्षा त्याच्या मागे राहिलेल्यांचे काय, हा प्रश्न आधीचा आहे.

तिसरा माणूस

एक उदाहरण आकड्यांनी पाहावे. आडत बाजारात हमाली करणारा ३५ वर्षांचा माणूस महिन्याला १२,००० रुपये कमावतो. घरी बायको आणि दोन मुले. महामार्ग ओलांडताना कारच्या धडकेने तो दगावतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अशा दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी घालून दिलेली रीत वापरते. वर्षाचे उत्पन्न १,४४,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के भर, म्हणजे २,०१,६००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले १,३४,४००. या वयाचा गुणक १६. रक्कम होते २१,५०,४००. अंत्यविधी, वैवाहिक सहवासाची हानी वगैरे ठरावीक बाबी वेगळ्या.

देगलूरच्या परिसरातला मध्यमवर्गीय कारमालक हे साडेएकवीस लाख शेत किंवा घर विकल्याशिवाय उभे करू शकणार नाही, आणि ते विकूनही पुरे पडतील याची खात्री नाही. मालकाचा हेतू कितीही चांगला असला, पश्चात्ताप कितीही खरा असला, तरी त्या विधवेच्या हाती त्यातून काही पडत नाही. वर्षाला ३,४१६ रुपयांचा हप्ता तिच्या हाती ती रक्कम पडेल अशी सोय करतो. तिसऱ्या माणसाच्या मृत्यू किंवा दुखापतीसाठी या विम्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीसाठी पॉलिसीत साधारण साडेसात लाखांची असते. भरपाई ही जिवाची किंमत नव्हे, तशी किंमत कोणालाच करता येत नाही. कमावता हात गेल्यावर चूल पेटती राहावी, मुलांची शाळा सुटू नये, एवढेच तिचे काम आहे.

कायद्याने या तिसऱ्या माणसाची बाजू आणखी पक्की केली आहे. चालकाकडे वैध परवाना नव्हता, असे मालकाकडून झालेले अटींचे उल्लंघन असले, तरी स्वर्ण सिंग खटल्यातल्या २००४ च्या निकालानंतर न्यायालये अनेकदा विमा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. मालकाच्या चुकीची शिक्षा निरपराध माणसाला होऊ नये, हा त्यामागचा न्याय. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे तर कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची भरपाई मागता येते.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. योगक्षेमाचे आश्वासन भक्ताला त्याच्या स्वतःच्या बाबतीत आहे. स्वतःचे भवितव्य देवावर सोपवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाचे भवितव्य त्याला न विचारता आपल्या भरवशावर टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. तो माणूस आपल्या गावचा, धर्माचा, भाषेचा असेलच असे नाही. या महामार्गावर तो मदनूरचा तेलुगू बोलणारा शेतकरी असेल किंवा औरादहून आलेला कन्नड बोलणारा विद्यार्थी. पॉलिसी साऱ्या भारतात चालते आणि त्याचे नाव विचारत नाही. सर्व धर्मांनी सांगितलेला शेजारधर्म इथे अनोळखी माणसापर्यंत पोचतो.

विम्यातले सत्य

विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या पूर्ण प्रामाणिकपणावर उभा असतो, म्हणून यात खोटे बोलणे हा केवळ नियमभंग राहत नाही. जुन्या गाडीवर क्लेम घेतलेला असताना ‘नो क्लेम बोनस’ची सूट नव्या गाडीवर लावून घेणे, खासगी पॉलिसीची गाडी भाड्याने प्रवासी वाहायला लावणे, चालवत एकजण असताना परवानाधारक दुसऱ्याचे नाव लिहून देणे, जुना ओरखडा नव्या अपघातात दाखवणे, हे सगळे सर्रास घडते. कंपनीचा पैसा, त्यात कोणाचे काय गेले, असे त्याचे समर्थन केले जाते. हा पैसा हजारो हप्तेकऱ्यांनी एकमेकांच्या अडीअडचणीसाठी एकत्र ठेवलेला असतो. खोटा क्लेम त्या साऱ्यांच्या खिशातून जातो. शिवाय खोटे उघड झाले की खरा क्लेमही फेटाळला जातो.

विमा आहे म्हणून बेफिकीर होणे हा दुसरा दोष. विमा पैशाचा भार वाटून घेतो, अपराधाचा नाही. दारू पिऊन गाडी चालवली तर मालकाला स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही, फौजदारी खटला वेगळा चालतो, आणि मनावरचे ओझे कोणतीच कंपनी उतरवत नाही.

गाडी घेताना

नवी गाडी घेणाऱ्याने म्हणून विम्याचा विचार हक्क आणि कर्तव्य या क्रमाने न करता उलट क्रमाने करावा. आधी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा; त्याची मुदत संपण्याची तारीख घरातल्या सर्वांना माहीत असावी, कारण चौथ्या वर्षी तो विसरला जातो. विमा नसताना गाडी चालवल्याचा पहिला दंड २,००० आणि पुढचा ४,००० रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्यानंतर गाडीत बसणाऱ्यांचा विचार. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत सोबत बसलेले पाहुणे आणि नातलग आपोआप येत नाहीत, कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येतात. गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्याच्या पश्चात घर सांभाळतो. सगळ्यात शेवटी गाडीचा पत्रा, काच आणि इंजिन यांचा विचार, आपली ऐपत, गाडीचे मोल आणि आपली श्रद्धा पाहून.

शोरूमवाल्याकडूनच विमा घेण्याची सक्ती नाही. चार कंपन्यांचे दर आणि अटी पाहून कोणतीही निवडता येते. हप्ता आधी भरल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. म्हणून गाडी शोरूमबाहेर काढण्यापूर्वी पॉलिसीवरची सुरुवातीची तारीख व वेळ, चॅसी आणि इंजिनचा क्रमांक, मालकाचे नाव व कर्ज असल्यास बँकेचे नाव जुळवून पाहावे. पूजा त्यानंतर मनोभावे करावी.